शापोऱ्याच्या मुखाची खोली मोजताना: छोट्या होडीतून जलसर्वेक्षण कसे करावे

तिळारीच्या खोऱ्यातलं पाणी घेऊन उतरलेली शापोरा नदी गोव्यात शापोरा किल्ल्याखाली समुद्राला मिळते. उत्तरेला मोरजीची वाळूची पट्टी, दक्षिणेला किल्ल्याचा खडकाळ डोंगर आणि मधल्या तोंडात वाळूचा दांडा. हा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो. मे महिन्यात ज्या वाटेने होड्या बाहेर पडत होत्या, ती वाट ऑगस्टमध्ये तिथेच असेल याची खात्री नसते. धक्क्यावर भरतीची वाट बघत उभ्या असलेल्या होड्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि दांड्यावर टेकून आडव्या झालेल्याही.

अधिकृत सागरी नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढतं. भारत सरकारचे मुख्य जलालेखक तिथे बसतात आणि नौदलाची सर्वेक्षण जहाजं त्यांच्यासाठी काम करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालेलं आयएनएस संधायक हे त्यांपैकीच एक. या कामाचं शिक्षण देणारी राष्ट्रीय जलालेखन संस्था तर आपल्या गोव्यातच आहे. पण मोठ्या जहाजांचा आणि मोठ्या बंदरांचा विचार करून काढलेल्या नकाशावर शापोऱ्यासारख्या छोट्या मुखाच्या वाट्याला मोजकेच आकडे येतात. दर वर्षी हलणारा दांडा त्यात मावणारच नाही. म्हणून मच्छीमार संस्था, पंचायत किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांनी आपल्या मुखाचं सर्वेक्षण स्वतः कसं करावं ते इथे सविस्तर लिहितो. यातून तयार होतो तो कामाचा आराखडा. जहाज चालवायला अधिकृत नकाशाच वापरायचा.

प्रश्न आधी, होडी नंतर

‘खोली मोजायची आहे’ एवढ्यावर कोणी बाहेर पडू नये. वाट कुठे आहे ते शोधायचं आहे? गाळ किती काढावा लागेल ते ठरवायचं आहे? की पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा दांडा ताडून बघायचा आहे? वाट शोधायची असेल तर मुखातच दाट रेघा, म्हणजे होडीने मोजत जायच्या सरळ वाटा, पुरतात. गाळाचं घनफळ हवं असेल तर पूर्ण पात्र समान अंतरावर मोजावं लागतं. तुलना करायची असेल तर त्याच रेघा पुन्हा माराव्या लागतात, म्हणजे पहिल्याच वेळी त्या नीट नोंदवून ठेवायला हव्यात.

कामाचा काळ ऑक्टोबर ते मे. आमच्या अनुभवात दोन खेपा उत्तम: एक पावसाळा ओसरून समुद्र शांत झाल्यावर, दुसरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात. सकाळी उजाडताच निघावं आणि अकराच्या आत परतावं. दुपारी समुद्रावरचा वारा उठला की मुखात लाट उभी राहते आणि मोजणीत लाटच जास्त येते. दांड्यावरून जायचं असल्याने उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसातली सकाळची मोठी भरती निवडा. मांडवीच्या मुखाशी उधाणाला भरती-ओहोटीत सव्वादोन मीटरच्या आसपास फरक असतो आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, दीड मीटरच्या. आपल्याकडेही तोच अंदाज धरून चालावं.

परवानग्या लेखी घ्या. बंदर कप्तान खात्याला अर्ज, किनारी पोलिसांना कळवणं, आणि मोरजीच्या बाजूला पाय ठेवायचा असेल तर वनखात्याला विचारणं, कारण तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नदी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २५ म्हणून घोषित आहे, हे अर्जात लिहिलं की पत्र योग्य टेबलावर लवकर पोचतं. मुरगाव बंदराच्या किंवा नौदलाच्या हद्दीजवळ काम असेल तर त्यांची परवानगी आल्याशिवाय यंत्र पाण्यात घालू नका.

भरतीची काठी आणि शून्य

इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक हौशी सर्वेक्षणं इथेच फसतात. होडीखाली तीन मीटर पाणी आहे, हा आकडा एकटा निरुपयोगी. तीन मीटर कधी? भरतीला की सुकतीला? कुठल्या पातळीपासून? खोली नेहमी एका ठरलेल्या शून्य पातळीपासून सांगायची असते आणि ती पातळी अशी खाली धरतात की पाणी सहसा तिच्याखाली जात नाही. भारतीय नकाशांसाठी जुनी पद्धत जॉर्ज डार्विन यांनी घालून दिली. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विन यांचे हे पुत्र. सरासरी समुद्रपातळीतून चार मुख्य भरती-घटकांच्या (चंद्र-सूर्याच्या ओढीने उठणाऱ्या, ठरावीक काळाने येणाऱ्या लाटांच्या) उंचींची बेरीज वजा करायची, म्हणजे ही पातळी मिळते. आपल्याला ते गणित नव्याने करावं लागत नाही. मुरगावच्या बंदराचं शून्य ठरलेलं आहे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यांत मुरगावचे अंदाज छापून येतात.

काठी कशी लावायची? चार-पाच मीटर लांबीची, सेंटिमीटर रंगवलेली पट्टी धक्क्याच्या खांबाला घट्ट बांधा. तिचं तळटोक मोठ्या ओहोटीलाही पाण्याखाली राहायला हवं. पट्टीच्या शेजारी पारदर्शक नळी बांधा, तिचं खालचं तोंड जवळपास बंद करून फक्त एक बारीक भोक ठेवा. बाहेर लाटा उड्या मारत असतात तेव्हा नळीतलं पाणी शांत राहतं आणि वाचन एका सेंटिमीटरपर्यंत घेता येतं. दर दहा मिनिटांनी एक वाचन, काम चालू व्हायच्या अर्धा तास आधीपासून काम संपल्यावर अर्ध्या तासापर्यंत. काठीपाशी बसणारा माणूस कंटाळतो. म्हणून तिथे सर्वात विश्वासू माणूस बसवा, नवशिका नाही.

काठीचं शून्य आणि नकाशाचं शून्य यांचं नातं जोडायला किमान पंचवीस तास सलग वाचनं घ्या, म्हणजे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या पुरत्या येतात. त्याच दिवसाची मुरगावची पाणपातळी मिळवा. आता एक उदाहरण. समजा, मुरगावला त्या दिवशी भरती-ओहोटीतला सरासरी फरक १.८० मीटर होता आणि तुमच्या काठीवर १.६२. गुणोत्तर ०.९. मुरगावची सरासरी समुद्रपातळी तिथल्या शून्यापासून समजा १.३० मीटर वर आहे आणि त्या दिवशीही ती तेवढीच भरली. तुमच्या काठीवरची त्या दिवसाची सरासरी पातळी २.०५. तर तुमचं शून्य काठीवर २.०५ वजा १.३० गुणिले ०.९, म्हणजे ०.८८ वर येतं. त्या दिवशी मुरगावची सरासरी नेहमीपेक्षा दहा सेंटिमीटर वर असेल, तर तेवढे दहा सेंटिमीटर २.०५ मधूनही वजा करून मग हिशोब करायचा. यातले आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे भरा.

शून्य मिळालं की ते काठीवर सोडू नका, कारण काठी कोणीतरी हलवतो. धक्क्याच्या काँक्रीटमध्ये पितळी किंवा स्टेनलेस खिळा ठोका आणि लेव्हल यंत्राने (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने) खिळ्याची उंची शून्यापासून काढा. जवळच्या पक्क्या बांधकामावर आणखी दोन खुणा करा. तीनही खुणांचे फोटो आणि मापं वहीत.

एक मर्यादा लक्षात ठेवा. धक्क्यावरची काठी मुखासाठी चालते. शिवोली-चोपडे पुलापर्यंत वर जाणार असाल तर तिथे दुसरी काठी लागते, कारण भरती वर पोचायला वेळ घेते आणि तिची उंचीही बदलते.

यंत्र बसवणं आणि त्याची परीक्षा

फायबरची साधी होडी पुरते. एको साउंडरचा, म्हणजे आवाजाने खोली काढणाऱ्या यंत्राचा, ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) होडीच्या मधोमध, बाजूला, पाइपाच्या टोकाला पक्का लावा. मागे इंजिनजवळ लावला की पंख्याच्या बुडबुड्यांनी वाचनं तुटतात. पाइप सरकला तर दिसावं म्हणून काठाच्या रेषेला पाइपावर रंगाची खूण करा. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली किती आहे ते, म्हणजे त्याची बुड, निघताना आणि परतल्यावर मोजा. इंधन संपतं तशी होडी वर उचलली जाते. जीपीएसचा अँटेना शक्यतो ट्रान्सड्यूसरच्या थेट वरच बसवा. साधा हातातला जीपीएस काही मीटरच्या आत जागा सांगतो. गगन या भारतीय उपग्रह-सेवेच्या दुरुस्त्या घेणारं यंत्र त्याहून बरं. आरटीके (किनाऱ्यावरच्या दुसऱ्या यंत्राच्या मदतीने सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारं जीपीएस) मिळत असेल तर उत्तमच, पण वाट शोधायला ते नसलं तरी काम अडत नाही. वारंवारिता २०० किलोहर्ट्‌झ ठेवा. खालच्या वारंवारितेचा आवाज पातळ गाळातून आत शिरतो आणि तळ आहे त्यापेक्षा खोल दाखवू शकतो.

हे यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजतं. आवाज तळापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून ते अंतर काढतं, आणि त्यासाठी पाण्यातला आवाजाचा वेग त्याला माहीत असावा लागतो. बहुतेक यंत्रांत सेकंदाला १५०० मीटर भरलेलं असतं. मार्चमधल्या आपल्या खाऱ्या, अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात तो वेग १५४० च्या आसपास असतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात १५०५ च्या आसपास. म्हणजे खऱ्या दहा मीटर खोलीला यंत्र खाऱ्या पाण्यात ९.७४ दाखवेल आणि पावसाच्या गोड्या पाण्यात जवळपास बरोबर. नदीमुखात वर गोडं आणि खाली खारं असे थर असतात तेव्हा एकच आकडा भरून भागत नाही.

यावर सोपा इलाज बार चेक. स्टीलची एक जड थाळी घ्या, तिला न ताणणारी साखळी किंवा वायर लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन, तीन, चार, पाच मीटरवर खुणा करा. पाणी संथ असताना थाळी ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली सोडा. यंत्र काय दाखवतं ते प्रत्येक खुणेला लिहा. थाळी तीन मीटरवर असताना ट्रान्सड्यूसरची बुड मिळवून यंत्र २.९२ सांगत असेल, तर तिथे आठ सेंटिमीटरची दुरुस्ती. हे सकाळी एकदा आणि परतताना एकदा. दोन्ही वेळचे आकडे पाच सेंटिमीटरहून जास्त फरकाने आले तर तो दिवस फुकट गेला असं समजा. माझे असे दिवस गेले आहेत.

घड्याळ

हे मला महागात पडलं म्हणून वेगळं लिहितो. आमच्या पहिल्या सर्वेक्षणात जीपीएसची नोंदवही जागतिक प्रमाणवेळेत चालत होती आणि काठीची वही आपल्या घड्याळात. फरक साडेपाच तासांचा. भरती ते ओहोटी हे अंतर सव्वासहा तासांच्या आसपास असतं, म्हणजे साडेपाच तासांनी चूक होणं ही सगळ्यात वाईट चूक: भरतीत मोजलेल्या खोलीतून ओहोटीची पातळी वजा झाली आणि दांडा कागदावर मीटरभर खोल गेला. आकडे सुबक होते, वक्र गुळगुळीत होते. आम्हाला संशयही आला नाही. कागद घेऊन धक्क्यावर गेलो तेव्हा एका वयस्क तांडेलांनी बोट ठेवून विचारलं, “बाळा, इथे ओहोटीला माझी होडी टेकते. तू पावणेदोन मीटर पाणी कुठून आणलंस?” त्या दिवसापासून नियम आहे: निघण्यापूर्वी सगळी घड्याळं एकमेकांसमोर धरून फोटो काढायचा आणि वहीच्या प्रत्येक पानावर कोणती वेळ ते लिहायचं.

रेघा मारणं

जुना व्यावहारिक नियम असा की कागदावर रेघा एका सेंटिमीटरच्या अंतराने याव्यात. १:५००० चा आराखडा असेल तर पाण्यात ते अंतर पन्नास मीटर. दांड्यावर मी वीस मीटर ठेवतो. रेघा पात्राला आडव्या माराव्यात, म्हणजे उतार सरळ कापला जातो. वाटेच्या दिशेने मारल्या तर दोन रेघांमधलं टेकाड निसटून जातं. वेग चार-पाच नॉट (ताशी साधारण सात ते नऊ किलोमीटर), त्याहून जास्त नाही. सगळ्या आडव्या रेघा झाल्यावर त्यांना छेदणाऱ्या दोन-तीन उभ्या रेघा मारा, शक्यतो भरतीची पातळी वेगळी असताना. छेदबिंदूवर दोन्ही वेळची दुरुस्त खोली जुळली पाहिजे. हीच तुमच्या साऱ्या कामाची खरी परीक्षा. आमच्याकडे त्या पहिल्या खेपेला छेदरेघा असत्या तर घड्याळाची चूक घरीच सापडली असती.

दांड्यावर लाट फुटत असेल तर आत शिरू नका. बाहेरून जागा नोंदवा आणि आराखड्यावर ‘लाट फुटते’ असं लिहा. ती माहितीसुद्धा होडीवाल्याला हवीच असते. सगळ्यांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट, आणि किनाऱ्यावर एक माणूस ज्याला तुमच्या परतीची वेळ ठाऊक आहे.

निघण्यापूर्वी एक तास जुन्या मच्छीमारांसोबत बसा. खडप कुठे आहे, जाळं कुठे अडकतं, हे त्यांना ठाऊक असतं. ते जागा अक्षांशात सांगत नाहीत, खुणा जुळवून सांगतात: किल्ल्याचा अमुक कोपरा अमुक माडाच्या रांगेवर आला की खाली दगड. होडी त्या जुळणीवर नेऊन उभी करा, जीपीएस नोंद घ्या आणि तिथे दहा-दहा मीटरवर रेघा मारा. आपलं एका किरणाचं यंत्र फक्त होडीखालची चिंचोळी पट्टी बघतं. दोन रेघांमधला एकटा दगड ते कधीच सांगणार नाही. मोठ्या जहाजांवरची मल्टिबीम, म्हणजे अनेक किरणांची, यंत्रं तळाचा रुंद पट्टा एका फेरीत झाडून काढतात, पण फार उथळ पाण्यात तो पट्टाही अरुंद होतो.

शिसं आणि साबण

यंत्र असलं तरी शिशाचा दोर बरोबर असूच द्या. तीन-चार किलोचं शिसं, न ताणणारा दोर, दर अर्ध्या मीटरवर खूण. १५३८-३९ साली गोव्याहून दीवपर्यंत किनारा नोंदवत गेलेले आणि पुढे व्हाइसरॉय झालेले जुआंव द कास्त्रो यांच्या काळात खोली मोजण्याचं साधन हेच होतं. आपले मच्छीमार अजूनही पाणी वावात सांगतात. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतका दोर, सुमारे १.८ मीटर. शिशाच्या बुडाला खोबण असते, तिच्यात कपडे धुण्याच्या साबणाचा मऊ गोळा दाबून बसवा. वर ओढल्यावर साबणाला वाळू चिकटली, चिखल लागला की शिंपल्यांचा चुरा, ते दिसतं. साबण कोरा आणि ओरखडलेला आला तर खाली खडक. नांगर कुठे धरेल हे या साबणावरून कळतं. दर रेघेवर दोन ठिकाणी तरी शिसं टाका आणि यंत्राच्या आकड्याशी ताडा.

आकडे शुद्ध करणं

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी काम करा, आठवण ताजी असते. एका आकड्याचा प्रवास असा. यंत्र म्हणालं २.९०. आवाजाच्या वेगाची दुरुस्ती ०.०८, झाले २.९८. ट्रान्सड्यूसरची बुड ०.४०, झाले ३.३८. त्या मिनिटाला काठीवर १.७५ होतं, शून्य ०.८८ वर, म्हणजे भरतीची उंची ०.८७. ती वजा केली, उरले २.५१. कागदावर २.५. शेवटचा दशांश सोडताना नेहमी उथळ बाजूला.

मासळीचे थवे, बुडबुडे, लाटेचे हेलकावे यांमुळे मध्येच उड्या दिसतात. खोल बाजूची उडी काढून टाकायला फार विचार लागत नाही. उथळ बाजूची उडी मात्र पुन्हा त्या जागी जाऊन पाहिल्याशिवाय पुसू नका. तो मासा असेल किंवा दगड, आणि दगड पुसला तर कोणाची तरी होडी फुटेल.

छेदबिंदूंवर किती फरक चालतो? आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेचं मुख्यालय मोनॅकोला आहे. तिच्या एस-४४ या मानकात खोलीच्या अनिश्चिततेची मर्यादा शंभरपैकी पंच्याण्णव मोजण्यांसाठी दिलेली आहे. त्यात सर्वेक्षणाचे काटेकोरपणानुसार दर्जे आहेत: १-ब दर्जाला पाच मीटर पाण्यात ती सुमारे अर्धा मीटर येते, विशेष दर्जाला पाव मीटर. छोट्या होडीतून नेटकं काम केलं तर अर्ध्या मीटरच्या बरंच आत राहता येतं. तरी तुमचा दर्जा १-ब च्या वर सांगू नका, कारण तळ पूर्ण झाडून पाहिलेला नाही.

कागदावर

क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात जागा मांडण्याची पद्धत निवडा: डब्ल्यूजीएस-८४, यूटीएम पट्टा ४३ उत्तर. जागा कमी म्हणून काही आकडे गाळावे लागतात तेव्हा उथळ आकडा ठेवा, खोल गाळा. शून्य, दोन आणि पाच मीटरच्या रेषा काढताना शंका आली तर रेषा खोल पाण्याकडे ढकला. ओहोटीला उघडी पडणारी जागा हिरव्या रंगात, तिची उंची अधोरेखित आकड्याने. उथळ पाणी निळं, खोल पांढरं. अधिकृत नकाशांची हीच रीत आहे, तिचीच सवय लागू द्या.

कोपऱ्यातली चौकट सोडू नका: मोजणीची तारीख, शून्य कसं ठरवलं, खिळ्याची उंची, यंत्र, रेघांमधलं अंतर, छेदबिंदूंवर आलेला फरक, आणि ठळक अक्षरात ‘नौकानयनासाठी नाही’. आराखडा सागरी नकाशासारखा दिसला की लोक त्यावर विश्वास टाकतात, म्हणून त्याचं वयही मोठ्या अक्षरात हवं. माझ्या आराखड्यांवर मी ‘३१ मेनंतर वापरू नये’ असं लिहितो. १ जूनपासून तशीही यांत्रिक होड्यांची मासेमारी ६१ दिवस बंद असते आणि त्यानंतरचा दांडा वेगळा असतो.

एक प्रत बंदर कप्तान खात्याला द्या. नकाशात नसलेला दगड किंवा बुडालेली होडी सापडली तर जागा, खोली, तारीख आणि पद्धत लिहून डेहराडूनला कळवा. त्यांच्या पाक्षिक सूचनांतून नकाशे दुरुस्त होत असतात आणि अशी माहिती कोणीही पाठवू शकतं. धक्क्यावरच्या फलकावर मात्र अख्खा आराखडा लावू नका. वाट, सर्वात उथळ जागा, तिथली शून्यापासूनची खोली आणि मोजल्याची तारीख, एवढंच मराठीत मोठ्या अक्षरात. भरतीची उंची त्यात मिळवली की आत्ता पाणी किती, हे होडीवाला स्वतः काढतो.

मेअखेरीस काठी उतरवून ठेवा, पावसात ती राहत नाही. खिळ्यावर लाल रंगाचा हात पुन्हा फिरवा आणि वहीची प्रत संस्थेच्या कपाटात ठेवा. ऑक्टोबरात पहिलं काम तो खिळा शोधून लेव्हलने तपासायचं, आणि मग त्याच रेघांवर होडी घालायची.